क्रॉयडनचं गवत

लंडनचा विमानतळ म्हटलं की आपल्याला हीथ्रोच आठवतो. आपली निम्मी भाचेमंडळी तिथूनच ये-जा करतात! पण हीथ्रोच्या आधी हा मान होता दक्षिणेकडच्या क्रॉयडनचा. 1920 साली सुरू झालेलं हे मैदान शेवटपर्यंत गवताचंच राहिलं.

हलक्या विमानांना गवत सोयीचंच. वारा जिकडून येईल तिकडे तोंड करायचं आणि सुटायचं. ठरलेली पट्टी हवी कशाला? सुरुवातीला तर मधून एक रस्ता जायचा. विमान पलीकडे न्यायचं असलं की लाल निशाण दाखवून रहदारी अडवत, आपल्या रेल्वे फाटकासारखी.

30 मार्च 1929 ला इथून कराचीची विमानसेवा सुरू झाली. सात दिवसांचा प्रवास, त्यातही स्वित्झर्लंड ते इटली चक्क आगगाडीने! कराचीहून मुंबईला हवाई टपाल यायला मात्र 1932 साल उजाडलं. ते जुहूला आणलं जे. आर. डी. टाटांनी.

पण मला क्रॉयडनची ओढ वाटते ती 1930 मुळे. इंग्लंड ते हिंदुस्थान हे अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसासाठी आगाखानांनी 500 पौंडांचं बक्षीस लावलं होतं. क्रॉयडनहून अस्पी इंजिनियर निघाला. वय अवघं 17! मनमोहन सिंगही तिकडूनच निघाले, विमानाचं नाव ‘मिस इंडिया’. टाटा निघाले उलट्या दिशेने, कराचीहून. इजिप्तमध्ये अबूकीरला उतरतात तो काय, अस्पी स्पार्क प्लगवाचून अडकून पडलेला. टाटांनी आपल्याकडचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. बक्षीस अस्पीला मिळालं.

टाटांचं हे औदार्य सगळे सांगतात, सांगावंच. अस्पीही 1960 मध्ये हवाई दलप्रमुख झाला, त्याचं नाव राहिलं. राहून गेले ते मनमोहन सिंग. त्यांनीही अंतर पुरं केलं होतं, पण मुदत हुकली. 1942 च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात ब्रूम इथे जपानी हल्ल्यात ते गेले. मी इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण एकाही क्रमिक पुस्तकात हा माणूस मला भेटला नाही.

युद्धाने क्रॉयडनलाही सोडलं नाही. 15 ऑगस्ट 1940 ला (आपल्याला ही तारीख वेगळ्या कारणाने पाठ!) तिथे बाँब पडले, साठाहून अधिक माणसं मेली. बहुतेक सगळे आसपासच्या कारखान्यांतले कामगार.

युद्धानंतर विमानं जड झाली. त्यांना लांब, पक्की धावपट्टी हवी, आणि इथे तर चहूबाजूंनी घरं उठलेली. 30 सप्टेंबर 1959 ला संध्याकाळी रॉटरडॅमचं शेवटचं विमान सुटलं. वैमानिकाचं आडनाव होतं लास्ट! असो.

1928 ची टर्मिनलची इमारत अजून उभी आहे, आत कचेऱ्या आहेत. मैदानाच्या बऱ्याच भागावर वस्ती झाली, तिथल्या रस्त्यांना वैमानिकांची नावं दिली आहेत. उरलेला तुकडा मोकळा आहे, गवत तेवढं अजून तिथे वाढतं.