गाजर गवताचं इसब आणि पोटातून घ्यायचं औषध

चाळिशी-पन्नाशीत चेहरा, मान, हातांवर इसब उठलं की आपण खाण्यात कारण शोधतो. नांदेड-लातूरच्या शेतकऱ्यांमध्ये ते अनेकदा बांधावरच असतं: गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत.

हे गवत मूळचं अमेरिका खंडातलं. आयात गव्हाबरोबर ते आपल्याकडे पसरलं, असं मानलं जातं. पुण्यात त्याची नोंद १९५५ च्या सुमारास झाली. १९६० च्या दशकाअखेर तिथल्या डॉक्टरांनी या गवतामुळे पसरलेल्या त्वचाविकाराबद्दल लिहिलं. त्यातल्या पार्थेनिनची अ‍ॅलर्जी होते. वाळलेल्या गवताचे कण हवेतून अंगावर बसतात, म्हणून हात न लावताही त्रास होतो.

मलमाने भागेना, तेव्हा स्टेरॉइडच्या गोळ्या आल्या. पण त्या फार काळ घेणं धोक्याचं. पुढे भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी अ‍ॅझाथायोप्रिन वापरलं. १९५७ मध्ये तयार झालेलं हे औषध आधी किडनी प्रत्यारोपणात उपयोगी ठरलं होतं.

ते तुम्हाला चालू असेल, तर गुण यायला काही आठवडे लागतात; मनाने बंद करू नका. रक्तपेशी आणि यकृताच्या तपासण्या चुकवू नका. युरिक अ‍ॅसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल घेत असाल तर आधी सांगा. दोन्ही मिळून रक्तपेशी धोकादायक कमी होऊ शकतात. ताप आला तर लगेच दाखवा.

गोळी अ‍ॅलर्जीचा भडका शमवते, बांधावरचं गवत उपटत नाही. ते फुलण्याआधीच काढायला हवं. मात्र ते काम तुम्ही स्वतः करू नका.