भोकरी, फकडी, साहेबी

मैत्रिणींनो, नळदुर्ग भागातल्या आपल्या बऱ्याच जणी द्राक्षबागेत विरळणीला जातात. वाइनचं नाव काढलं की आपण नाक मुरडतो. दारूनं मोडलेले संसार पाहिलेत ना! पण जॉर्जिया देशात ८००० वर्षांपासून द्राक्षरस मुरवतात. जमिनीत पुरलेल्या त्या रांजणाला क्वेव्री म्हणतात. सापेरावी, रकात्सितेली असे जुने वाण त्यांनी राखले, म्हणून ती चव टिकली.

दौलताबादची द्राक्षं वर्षात दोनदा येतात, असं इब्न बतूतानं १४व्या शतकात लिहिलं. आपण आजही वेल दोनदा छाटतो, एप्रिलला आणि ऑक्टोबरला. माल मात्र एकदाच धरतो. भोकरी, फकडी, साहेबी बियांची होती. बिनबियांची थॉम्पसन आली नि ती बागेतून गेली. कुणाच्या परसात जुना वेल असेल, तर छाटणीच्या दोन काड्या गटासाठी ठेवा.