खडू, बालचित्रवाणी आणि क्यूआर कोड

मंडळी, आज थोडा इतिहास सांगणार आहे. राजेमहाराजांचा नाही, वर्गात आलेल्या यंत्रांचा आणि त्या यंत्रांपुढे उभ्या राहिलेल्या मास्तरांचा.

'खडू-फळा योजना' हे नाव ऐकून आजच्या मुलांना हसू येईल. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ती आली आणि पुढच्या वर्षापासून राबवली गेली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक (त्यांत शक्यतो एक बाई) आणि शिकवायचे साहित्य. म्हणजे स्वातंत्र्याला चाळीस वर्षे झाली तरी कितीतरी शाळांत एवढेही नव्हते! आणि गंमत पाहा, १९८४-८५ मध्येच केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पात अडीचशे शाळांना 'बीबीसी मायक्रो' नावाचे विलायती संगणक मिळाले होते. कुठे फळा नाही, कुठे कॉम्प्युटर. असो.

मला जास्त सांगायचे आहे ते बालचित्रवाणीबद्दल. इन्सॅट उपग्रहामुळे टीव्ही खेड्यात नेता येईल असे दिसू लागले, तेव्हा सहा राज्यांत शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या संस्था काढल्या गेल्या. महाराष्ट्राची संस्था १९८४ साली पुण्यात सुरू झाली, तीच बालचित्रवाणी. शाळेतल्या मुलांसाठी मराठीत कार्यक्रम करायचे आणि ते दूरदर्शनवरून दाखवायचे, असे तिचे काम. चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, तिचे सुरुवातीचे गाणे अजून पाठ असते. कार्यक्रम चांगले असत. साधे, सावकाश, मुलांच्या भाषेतले. पण मास्तरांचे काय? टीव्ही ठरलेल्या वेळी बोलणार, तोही एकदाच. मध्येच थांबवून "कळलं का रे?" असे विचारायची सोय नाही. आमच्या किनारपट्टीवर पावसाळ्यात पडद्यावर मुंग्या आणि लाइट गेली की तेही नाही. शिक्षक यात फक्त बटण दाबणारा. त्याने त्यातून नवे काही शिकावे अशी मांडणीच नव्हती, असे माझे मत आहे.

२००१ मध्ये एमएस-सीआयटी आली. नोकरीत ती सक्तीची होत गेली तसे पन्नाशीतले शिक्षक माऊस हातात धरून परीक्षेला बसू लागले. आमच्यापैकी बऱ्याच जणांना शिकवायला आपलेच जुने विद्यार्थी होते. "सर, तुमी बसा, मी सांगतंय" हे वाक्य मी स्वतः ऐकले आहे, आणि त्यात कमीपणा वाटला नाही. पण त्या कोर्सात पत्र कसे टाइप करायचे ते होते; चौथीला अपूर्णांक कसा शिकवायचा ते नव्हते. सर्टिफिकेट फायलीत गेले आणि आम्ही पुन्हा खडू उचलला.

या सगळ्याला वेगळे वळण दिले ते सोलापूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शिक्षकाने. रणजितसिंह डिसले २००९ साली माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रुजू झाले. शाळा पडक्या इमारतीत, एका बाजूला गुरांचा गोठा. पुस्तके मुलांच्या घरच्या बोलीत नव्हती. त्यांनी ती मुलांच्या भाषेत आणली आणि पानांवर क्यूआर कोड घातले. मोबाइल धरला की कविता ऐकू येते, व्हिडिओ दिसतो, गृहपाठ मिळतो. ही कल्पना सरकारने आधी थोड्या पुस्तकांत करून पाहिली आणि २०१७ साली सर्व इयत्तांसाठी जाहीर केली. डिसले गुरुजींना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, दहा लाख डॉलरचे. निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ स्पर्धकांना वाटून टाकली, हे तुम्हाला आठवत असेलच. मला मात्र त्या पैशापेक्षा वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. इथे यंत्र वरून आले नाही. आधी वर्गातली अडचण होती, मग मास्तर स्वतः शिकला. आणि मूल तीच कविता दहा वेळा ऐकू शकते, जे टीव्हीला कधी जमले नव्हते.

त्याच २०१७ साली बालचित्रवाणी बंद झाली. ज्यांनी तिथे तीस-तीस वर्षे मुलांसाठी कार्यक्रम केले, त्यांच्याकडचे ज्ञान नव्या कामात का वापरले नाही, हे मला कळलेले नाही.

मार्च २०२० मध्ये कोरोनाने शाळा बंद पाडल्या. क्यूआर कोड पुस्तकात होता, पण आमच्याकडे वाडीवाडीत रेंज नाही; मुले रेंज शोधत डोंगर चढली. ज्या घरात एकच फोन, तो घेऊन बाप कामाला गेलेला. तेव्हा जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली, पहिली ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांवरची, रोज ठरलेल्या वेळी. म्हणजे पुन्हा टीव्हीच! संस्था बंद करून तीनच वर्षे झाली होती.