हायपोथायरॉइडिझम

थायरॉइड म्हणजेच अवटू ग्रंथीतून शरीराला पुरतील इतकी संप्रेरके तयार होईनाशी झाली की जी अवस्था येते, तिला हायपोथायरॉइडिझम म्हणतात. बोलताना ‘थायरॉइड निघाला’ असे म्हटले जाते ते बहुतेक वेळा याच विकाराबद्दल. मुंबई आणि गोवा धरून भारतातील आठ ठिकाणी झालेली एक पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये हा विकार आढळला आणि त्यांतील जवळपास एक-तृतीयांश लोकांना त्याची कल्पनाच नव्हती. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो कितीतरी अधिक दिसतो आणि वयाबरोबर त्याचे प्रमाण वाढत जाते.

ही ग्रंथी गळ्याच्या पुढच्या बाजूला, स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून असते. प्रौढ माणसात तिचे वजन साधारण १५ ते २५ ग्रॅम भरते. रक्तातले आयोडीन ओढून घेऊन ती दोन संप्रेरके बनवते : चार आयोडीन अणूंचे थायरॉक्सिन म्हणजे टी-४, आणि तीन अणूंचे टी-३. ग्रंथीतून बाहेर पडते ते मुख्यतः टी-४. यकृत, मूत्रपिंड आणि इतर ऊतींत त्यातला एक आयोडीन अणू निघून जातो व टी-३ तयार होते; प्रत्यक्ष काम करते ते हेच. पेशीच्या केंद्रकात शिरून ते जनुकांचे काम वाढवते किंवा कमी करते. त्यामुळेच हृदयाचे ठोके, अंगातली उष्णता, आतड्यांची हालचाल, कोलेस्टेरॉलचा निचरा, पाळीची नियमितता आणि तान्ह्या मुलाच्या मेंदूची वाढ अशा वरवर एकमेकींशी संबंध नसलेल्या गोष्टी या एका ग्रंथीवर अवलंबून असतात.

थायरॉइडवर नियंत्रण असते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचे. रक्तातले टी-४ कमी पडू लागले की पिट्युटरी टीएसएच हे संप्रेरक जास्त सोडून थायरॉइडला कामाला लावते. टी-४ वाढले की टीएसएच उतरते. रिपोर्टवर टीएसएच वाढलेले दिसले म्हणजे थायरॉइडचे काम कमी झाले आहे, असा त्याचा अर्थ. पुष्कळ रुग्ण नेमके इथेच गोंधळतात. आकडा वर गेला म्हणून ते ‘थायरॉइड वाढला’ असे समजतात आणि गोळी घेतल्याने तो आणखी वाढेल या भीतीने ती घेतच नाहीत.

जगाच्या इतिहासात या विकाराचे सर्वांत मोठे कारण आयोडीनची कमतरता हेच राहिले आहे. प्रौढ माणसाला रोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गर्भवतीला सुमारे २५०. डोंगराळ भागात पाऊस आणि पूर मातीतले आयोडीन वाहून नेतात, मग त्या मातीतल्या धान्यात आणि भाजीतही ते उतरत नाही. तुटपुंज्या आयोडीनवर भागवण्यासाठी ग्रंथी आकाराने वाढते, तोच गलगंड. हिमालयाच्या पायथ्याचा पट्टा यासाठी कुप्रसिद्ध होता, पण महाराष्ट्रातल्या तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातही गलगंडाचे प्रमाण मोठे असल्याचे आढळले होते. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलातल्या कांग्रा खोऱ्यात केलेला प्रयोग भारतीय सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातला एक मानाचा टप्पा आहे. खोऱ्याचे तीन विभाग करून दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ पुरवले गेले, तर तिसऱ्याला साधे. काही वर्षांत पहिल्या दोन विभागांत गलगंड स्पष्टपणे घटला, तिसऱ्यात तो तसाच राहिला. मग तिसऱ्या विभागालाही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि २००६ पासून देशभर खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास बंदी आहे. कारखान्यातून निघताना मिठात आयोडीनचे प्रमाण दशलक्ष भागांत किमान ३० आणि ग्राहकाच्या हाती पडताना किमान १५ असावे लागते. उपवासापुरते वापरले जाणारे शेंदेलोण आता ‘नैसर्गिक’ म्हणून रोजच्या स्वयंपाकात शिरले आहे. त्यात मुद्दाम आयोडीन मिसळलेले नसेल, तर ही सगळी मेहनत त्या घरापुरती वाया जाते.

आयोडीन पुरेसे मिळणाऱ्या लोकांत पहिले कारण असते ते हाशिमोतो विकाराचे. हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यवैद्याने १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले. शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वतःच्या थायरॉइडवर उलटते, हे १९५६ मध्ये लंडनमधल्या संशोधनातून पुढे आले. हा विकार घराण्यात चालतो. थायरॉइड शस्त्रक्रियेने काढल्यावर, किंवा ती अतिक्रियाशील झाली म्हणून किरणोत्सारी आयोडीन दिल्यावरही संप्रेरक कमी पडते. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३ पासून आण्विक वैद्यकाचे काम चालते आणि किरणोत्सारी आयोडीनचे उपचार हा त्याचा एक भाग आहे. लिथियम, अमिओडॅरोन यांसारखी औषधेही कारण ठरतात. काही बायकांना बाळंतपणानंतरच्या वर्षभरात थायरॉइडचा दाह होतो. तो बहुधा आपोआप निवळतो.

लक्षणे इतक्या संथपणे येतात की घरच्यांना ती वयाचा किंवा कामाच्या ताणाचा परिणाम वाटतात. थकवा, सर्वांना पंखा हवा असताना एकट्यालाच वाजणारी थंडी, कोरडी पडलेली कातडी, गळणारे केस, बद्धकोष्ठ, घोगरा आवाज, चेहऱ्यावर सूज, पाळीत जास्त रक्तस्राव, मंद नाडी, उदासी. काहींच्या भुवयांचा बाहेरचा भाग विरळ होतो. टाचेच्या वरच्या शिरेवर हातोडीने हलकेच मारले, तर पाऊल झटकन हलते पण परत जागेवर यायला वेळ लागतो. अनुभवी डॉक्टर एवढ्यावरूनही निदानाचा अंदाज बांधतात. वजन वाढते, पण ते सहसा चार-पाच किलोच्या आत, आणि त्यातला बराच भाग अंगात साठलेल्या पाण्याचा व क्षारांचा असतो. वीस-पंचवीस किलोंच्या लठ्ठपणाचे खापर थायरॉइडवर फोडणे बरोबर नाही. ज्येष्ठांमध्ये विस्मरण हे एकच लक्षण असू शकते आणि ते ‘म्हातारपण’ म्हणून सोडून दिले जाते.

निदान रक्तातल्या टीएसएच आणि मुक्त टी-४ वरून होते. प्रौढांत टीएसएचची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ०.४ ते ४ मिलियुनिटच्या आसपास धरली जाते. प्रयोगशाळेगणिक ती थोडी बदलते. टीएसएच वाढलेले पण टी-४ ठीक, या अवस्थेला सबक्लिनिकल म्हणतात आणि भारतात आढळणारे बहुतेक रुग्ण याच गटातले असतात. टीएसएच दहाच्या आत असलेल्या प्रत्येकाला गोळीची गरज नसते. वय, लक्षणे, अँटिबॉडी आणि गर्भारपण पाहून निर्णय घ्यावा लागतो.

उपचाराचा इतिहास थक्क करणारा आहे. विल्यम गल यांनी १८७३ मध्ये लंडनमध्ये या आजाराचे वर्णन केले, तेव्हा त्यावर काहीच इलाज नव्हता. १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी इंग्लंडमध्ये न्यूकॅसल इथे एका रुग्ण स्त्रीला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती सुधारली आणि त्यानंतर २८ वर्षे जगली. एखाद्या ग्रंथीचा स्राव बाहेरून देऊन आजार आटोक्यात आणल्याचे हे पहिल्या यशस्वी उदाहरणांपैकी एक. एडवर्ड केंडल यांनी १९१४ च्या नाताळात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये थायरॉक्सिन वेगळे केले आणि १९२७ पर्यंत ते प्रयोगशाळेत तयारही झाले. आजची लेव्होथायरॉक्सिनची गोळी म्हणजे रासायनिकदृष्ट्या शरीरातले टी-४ च. ‘एकदा सुरू केली की शरीराला सवय लागते’ ही समजूत त्यामुळेच खोटी आहे. ग्रंथी कायमची निकामी झालेली असेल तर गोळी कायमची घ्यावी लागते, इतकेच.

गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि चहा-नाश्ता त्यानंतर अर्ध्या ते एका तासाने. अनेक घरांत डोळे उघडल्याबरोबर चहा लागतो, त्यामुळे डोस योग्य असूनही टीएसएच उतरत नाही. ही गोळी आणि लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या यांत चार तासांचे अंतर ठेवावे लागते. बाटली उष्णता आणि दमटपणापासून जपावी. मात्रा बदलल्यावर पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करायची. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनमुळे थायरॉइडच्या चाचण्या चुकीचे आकडे दाखवतात. तपासणीच्या किमान दोन दिवस आधी ते बंद ठेवतात.

या नेहमीच्या विकाराची काही विरळ रूपेही आहेत. जन्मजात हायपोथायरॉइडिझम जगात साधारण दोन ते चार हजार बाळांमागे एकाला होतो, भारतात याहून अधिक प्रमाणात. असे बाळ फार झोपते, कमी रडते, आणि ‘किती शहाणे बाळ’ म्हणून त्याचे कौतुक होते. कावीळ लांबते, बद्धकोष्ठ होते, जीभ मोठी दिसते. पण हे सारे लक्षात येईपर्यंत मेंदूचे नुकसान झालेले असते. म्हणून टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच टीएसएच तपासतात. गोव्यात २००८ साली राज्य सरकारने नवजात बाळांची अशी तपासणी सुरू केली. शीहान विकारात बाळंतपणातल्या मोठ्या रक्तस्रावामुळे पिट्युटरीच निकामी होते. अंगावर दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही. अशा बाईचे टीएसएच नॉर्मल दिसू शकते, म्हणून फक्त टीएसएच पाहिले तर निदान हुकते. पेंड्रेड विकारात जन्मजात बहिरेपणाबरोबर गलगंड येतो. दीर्घकाळ उपचार न झालेल्या काही मुलींना उंची खुंटलेली असतानाच लवकर पाळी येते. याला व्हॅन वाइक-ग्रुमबाख विकार म्हणतात. सर्वांत घातक अवस्था मिक्सिडिमा कोमाची : थंडी, जंतुसंसर्ग किंवा गोळ्या सोडून दिल्यामुळे रुग्णाचे तापमान उतरते, श्वास मंदावत जातो व शुद्ध हरपते. अतिदक्षता विभागात उपचार होऊनही अनेक रुग्ण दगावतात.

पर्यायी उपचारांचा विचार करताना प्रत्येक दावा वेगळा तपासावा लागतो. सुश्रुतसंहितेत गलगंडाचे वर्णन आहे. कांचनार गुग्गुळ हा शार्ङ्गधर संहितेतला योग गळ्याच्या गाठींसाठी सांगितलेला आहे. पण ग्रंथीची गाठ आणि संप्रेरकाची कमतरता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि थायरॉक्सिनची जागा हा योग घेतो असे मोठ्या चाचण्यांत दिसलेले नाही. अश्वगंधेने सबक्लिनिकल अवस्थेत टीएसएच उतरल्याचे २०१८ मधल्या एका छोट्या, आठ आठवड्यांच्या चाचणीत दिसले. उलट अश्वगंधा घेणाऱ्या काहींत थायरॉइड अतिक्रियाशील झाल्याच्या आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. समुद्रशैवालाच्या गोळ्यांत आयोडीन इतके असू शकते की तेच ग्रंथीचे काम दडपते. धण्याच्या पाण्याने अपाय नाही, पण त्यातून थायरॉक्सिन मिळत नाही. उज्जायी प्राणायामाने आणि चालण्याने थकवा कमी होतो व मन सावरते. गोळीच्या जोडीला ते चांगलेच. कोबी-फ्लॉवर शिजवून खाल्ले तर आयोडीन पुरेसे असताना काळजीचे कारण नाही. परदेशात डुकराच्या सुकवलेल्या थायरॉइडच्या गोळ्या मिळतात. त्यांत टी-४ आणि टी-३ यांचे प्रमाण सुमारे चारास एक असते, तर माणसाच्या ग्रंथीत सुमारे चौदास एक. म्हणून टी-३ जास्त होऊन छातीत धडधड होण्याची भीती राहते.

एखाद्या काढ्याने ‘थायरॉइड गेला’ असे अनुभव प्रामाणिक असतात. त्यांचा उलगडा बहुधा वेळेच्या हिशेबात असतो. रक्तातले टी-४ निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात. गोळी सोडल्यावर काही आठवडे रुग्णाला बरेच वाटते आणि श्रेय नव्या औषधाला जाते. बाळंतपणानंतरचा दाह आणि किंचित वाढलेले टीएसएच पुष्कळांत आपोआप पूर्वपदावर येते. गर्भारपणात मात्र असा प्रयोग करून पाहायला वेळ नसतो. पहिले तीन महिने गर्भाची स्वतःची थायरॉइड जवळजवळ काम करत नाही, त्याच्या मेंदूला आईच्याच टी-४ वर वाढावे लागते. आधीपासून गोळी घेणाऱ्या स्त्रीचा डोस दिवस राहिल्याचे कळताच साधारण पाव ते एक-तृतीयांशाने वाढवतात, तो याच कारणासाठी.