मानपाड्यातील एक पेटी

मानपाडा ह्या नावाची दोन गावे आमच्या जिल्ह्यात आहेत. एक ठाण्यास घोडबंदरच्या वाटेवर, दुसरे डोंबिवलीस. मी दुसऱ्यातला. पाहुणे पहिल्यात जाऊन आम्हांस शोधतात, हा आमचा जुना अनुभव आहे. गेल्या वर्षी मात्र एक वस्तू न चुकता माझ्या दारी आली. शेजारच्या इमारतीत राहणारे, रेल्वेतून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ वारले होते, इमारत पाडून नवी बांधावयाची ठरली होती, आणि नव्या घरात जुन्या तबकड्यांस जागा नव्हती. त्यांच्या सूनबाईंनी विचारले, "सर, भंगारात देऊ की तुम्ही नेता?" पत्र्याच्या पेटीत एकेचाळीस तबकड्या निघाल्या. चोरबाजारातून पूर्वी आणलेले किल्लीचे यंत्र माझ्याकडे होतेच. दर रविवारी एक, ह्या हिशेबाने वर्ष गेले.

मी इतिहास शिकविणारा. गाण्यात केवळ हौशी. तरी कालानुक्रम लावण्याची खोड जात नाही. आपल्या देशातील ध्वनिमुद्रणाचा खरा आरंभ 1902 च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास झाला. फ्रेड गाइसबर्ग ह्या तंत्रज्ञाने गोहरजान हिचे गाणे घेतले. कर्ण्यात तोंड घालून, शक्य तितक्या मोठ्याने, सुमारे तीन मिनिटांत राग आटोपावयाचा! तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हानोव्हर येथे. तेथील कारागिरांस गाणारा कोण हे कळावे म्हणून गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव इंग्रजीतून पुकारी. पुढे 1908 साली कलकत्त्यासच कारखाना निघाला आणि परदेशाची ही यातायात थांबली. लाखेची ती तबकडी जड, ठिसूळ, आणि पोलादी सुईने दर वेळी थोडी झिजणारी. ऐकणे म्हणजेच थोडे नष्ट करणे, हा तिचा स्वभाव.

वर्गात मी वर्षानुवर्षे सांगत आलो की बखरकार अतिशयोक्ती करतो, प्रवासी ऐकीव लिहितो, पण तबकडी हा खोटे न बोलणारा साक्षीदार होय. ह्या समजुतीस पेटीतल्या एका तबकडीने चांगलाच धक्का दिला.

तिच्यावर गायिकेचे नाव 'गांधारी' असे होते. कागदी वेष्टनावर दिवंगत गृहस्थांनी शिसपेन्सिलीने लिहिले होते, "म्हणजेच गंगूबाई." मी सुई टेकविली. आवाज बारीक, उंच, एखाद्या पोरसवदा मुलीचा. स्वयंपाकघरातून पत्नीने विचारले, "ही कोण हो गाते आहे?" गंगूबाई हनगलांचे भारदस्त, पुरुषी वाटणारे गाणे मी प्रत्यक्ष ऐकलेले होते, ह्या आवाजाशी त्याचा काडीइतका संबंध दिसेना. मी तर्क केला की यंत्र जोरात फिरते आहे. जुन्या तबकड्यांचे फेरे सर्वत्र सारखे अठ्ठ्याहत्तर नसत, आणि फेरे वाढले की स्वर चढतो, हे खरेच आहे. तेव्हा मी वेगाचा काटा हळूहळू मागे घेतला. आवाज उतरला, जाड झाला, आणि ओळखीच्या गंगूबाई जवळपास प्रकट झाल्या. मोठा शोध लावल्याचे समाधान मला दोन रविवार पुरले.

तिसऱ्या रविवारी कान ठिकाणावर आले. तबला चिखलात चालल्यासारखा चालत होता आणि शब्द जांभई देत होते. इतिहासकाराने करू नये ते मी केले होते. पुरावा माझ्या स्मृतीशी जुळेना म्हणून पुरावाच वाकविला होता. खरी हकीकत अशी की 1913 साली जन्मलेल्या गंगूबाईंच्या आरंभीच्या तबकड्या 'गांधारी' ह्या नावाने निघाल्या, त्यांत मराठी भावगीतेही आहेत, आणि तो बारीक आवाजच त्यांचा मूळचा. पुढे घशाच्या विकारावरील उपचारानंतर तो पालटला. सवाई गंधर्वांच्या ह्या शिष्येने त्या पालटलेल्या आवाजातून नवे गाणे उभे केले व 2009 पर्यंतच्या दीर्घ आयुष्यात तेच लोकांच्या कानी राहिले. रेल्वेतल्या त्या गृहस्थांस हे ठाऊक होते, मला नव्हते. त्यांच्या हयातीत जिन्यात भेट झाली की आम्ही पाण्याच्या टाकीविषयी बोलत असू.

पेटीत अब्दुल करीम खाँसाहेबही निघाले. त्यांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर ऐकून लहानग्या भीमसेन जोशींचे चित्त उडाले आणि 1933 साली त्यांनी घर सोडले, ही कथा सर्वश्रुत आहे. तबकडीने गाण्याचे तुकडे केले असे म्हणणाऱ्यांत मीही होतो. परंतु ज्या घरी खाँसाहेब कधीच येणार नव्हते तेथे ते ह्या तुकड्याच्या रूपानेच पोहोचले, हे मला आता मान्य करावे लागते.

जे नाहीत त्यांची गोष्ट निराळी. बालगंधर्वांचे गुरू, 'स्वयंवर' नाटकास अपूर्व चाली देणारे भास्करबुवा बखले 1922 साली वारले. ध्वनिमुद्रण देशात येऊन वीस वर्षे लोटली होती. पण त्यांचा आवाज कोठेही उपलब्ध नाही. अल्लादिया खाँसाहेब तर 1946 पर्यंत हयात होते. त्यांचीही तबकडी नाही. आपली विद्या कोणाच्याही हाती पडेल, पानाच्या ठेल्यावर वाजेल, ही भीती त्या काळच्या अनेक गवयांस वाटे, आणि ती अगदीच अनाठायी होती असे मी म्हणणार नाही. परंतु परिणाम पाहा. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांतील सोनेरी तबकडीवरून अंतराळात गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात बाई निवर्तल्या. शिष्येचा स्वर सूर्यमालेच्या वेशीबाहेर जावा आणि गुरूचा पृथ्वीवरही नसावा!

पेटीच्या तळाशी गृहस्थांची एक वही होती. हव्या असलेल्या तबकड्यांची यादी. मिळाली की पुढे तारीख. भास्करबुवांचे नाव पहिल्या पानावर आहे, पुढची जागा कोरी आहे. त्याच नावाखाली दुसऱ्या शाईने, बहुधा पुष्कळ वर्षांनी, पुन्हा एकदा तेच नाव लिहिलेले आहे.

एकेचाळीसपैकी दोन तबकड्या माझ्याच हातून फुटल्या. उरलेल्या कपाटात उभ्या लावल्या आहेत, कारण आडव्या रचल्या की वरच्यांच्या भाराने खालच्या तडकतात. वही मी सूनबाईंस परत नेऊन दिली. त्यांनी चाळली, अक्षर पाहिले, आणि ती मात्र त्यांनी ठेवून घेतली.