लॅपटॉपच्या पडद्याची किमान प्रखरता

लॅपटॉपच्या पडद्याची किमान प्रखरता म्हणजे प्रखरतेचे नियंत्रण सर्वांत खालच्या पायरीवर नेल्यावर पडद्यावर शिल्लक राहणारा प्रकाश. प्रखरता कँडेला प्रति चौरस मीटर या एककात मोजतात. यालाच व्यवहारात 'निट' म्हणतात. सर्वसाधारण लॅपटॉपची कमाल प्रखरता २५० ते ४०० निट असते. किमान प्रखरता मात्र यंत्रागणिक बदलते. काही यंत्रांत ती अंधारात डोळ्यांना त्रास होण्याइतकी जास्त असते, तर काहींत शून्य पायरीवर पडदा पूर्णपणे काळा होतो.

कार्यपद्धती

एलसीडी पडद्याला मागील एलईडी दिव्यांतून प्रकाश मिळतो. हे दिवे मंद करण्यासाठी त्यांतील विद्युतप्रवाह घटवतात किंवा दिवे अतिशय वेगाने चालू-बंद करतात. दुसऱ्या पद्धतीत प्रखरता जितकी कमी, तितका दिवे बंद असण्याचा काळ अधिक; चालू-बंद होण्याची वारंवारता कमी असल्यास काही व्यक्तींना लुकलुक जाणवते व डोके दुखते. ओएलईडी पडद्यात प्रत्येक चित्रबिंदू स्वतःच प्रकाशतो.

प्रखरतेच्या पायऱ्यांची यादी अनेक यंत्रांत एसीपीआय प्रणालीद्वारे कार्यप्रणालीला मिळते. लिनक्समध्ये शून्य पायरीचा अर्थ सर्वत्र सारखा नाही: काही यंत्रांवर दिवे विझतात, काहींवर केवळ मंद होतात. त्यामुळे सिस्टमडी ही सेवा संगणक सुरू होताना जुनी पायरी पुन्हा लागू करते, तेव्हा सामान्यतः कमाल मूल्याच्या ५ टक्क्यांखाली जात नाही.

डोळ्यांना प्रकाशातील फरक मुख्यतः प्रमाणाने जाणवतो. २ निटवरून ४ निटवर गेल्यास बदल स्पष्ट दिसतो. २०० वरून २०२ वर गेल्यास तो लक्षातही येत नाही. म्हणून समान टक्क्यांच्या पायऱ्या खालच्या टोकाला फार मोठ्या ठरतात.

परिसरातील प्रकाशाचा परिणाम

नागपुरात मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात मध्यान्ही सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. पडदे ओढून कूलर लावलेल्या खोलीत १० लक्स आणि सावलीतील व्हरांड्यात १०,००० लक्स प्रकाश आहे असे मानू. पडदा त्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा १ टक्का सर्व दिशांना परावर्तित करत असेल, तर व्हरांड्यात परावर्तनाचेच सुमारे ३२ निट होतात. मजकूर व पार्श्वभूमी यांत ४.५ : १ हे गुणोत्तर राखण्यासाठी पडद्याने स्वतः सुमारे ११० निट प्रकाश द्यावा लागतो. खोलीत परावर्तन केवळ ०.०३ निट असल्याने ५ निटही पुरेसे ठरतात. साहजिकच खोलीत किमान पायरीवर ठेवलेला लॅपटॉप व्हरांड्यात उघडल्यास बंद असल्यासारखा भासतो आणि प्रखरता वाढवण्याची पट्टीच दिसत नाही.

योग्य मर्यादा

सर्व परिस्थितींना पुरेल अशी एकच किमान प्रखरता ठरवता येत नाही. ती वाढवल्यास अर्धशिशीमुळे प्रकाश सहन न होणाऱ्या व्यक्तींची व अंधारात काम करणाऱ्यांची गैरसोय होते. त्यामुळे किमान पायरी अंधाऱ्या खोलीत वाचता येईल इतकी मंद, पण शून्याहून अधिक असणे सोयीचे ठरते. पडदा बंद करण्याची सोय वेगळी असावी. पडदा न दिसताही प्रखरता कळफलकावरून वाढवता यावी आणि संगणक नव्याने सुरू होताना ती सुरक्षित पातळीवर यावी.

चित्रावर काळी छटा चढवून पडदा मंद करणाऱ्या आज्ञावलीही वापरल्या जातात. एलसीडी पडद्यात त्यांमुळे मागील दिव्यांचा प्रकाश घटत नाही. वीज वाचत नाही आणि मजकुराचा उठावही कमी होतो.