पीएमसी बँक : शेवटचे ७२ तास

शनिवार, २१ सप्टेंबर २०१९. सुमारे ७२ तास बाकी.
पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे व्यवस्थापकीय संचालक जॉय थॉमस रिझर्व्ह बँकेला पत्राने कबुली देतात. एकूण ८,८८० कोटींच्या कर्जांपैकी सुमारे ६,५०० कोटी, म्हणजे ७३ टक्के, एकट्या एचडीआयएल या बांधकाम समूहाकडे आहेत. थकलेली ही कर्जे लपवायला रिझर्व्ह बँकेला दिलेल्या यादीत २१,०४९ बनावट कर्जखाती घातली होती. मार्चअखेरच्या ताळेबंदात मात्र ९९ कोटींचा नफा आणि ढोबळ थकीत कर्जे अवघी ३.७६ टक्के. त्या आकड्यांखाली सह्या करणारे अजून आपापल्या खुर्चीत आहेत.

रविवार. सुमारे ४८ तास.
एचडीआयएलवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू होऊन महिना उलटलाय. पण त्या बातमीचा आपल्या मुदत ठेवीशी संबंध आहे, हे ठेवीदाराने कसे ताडावे?

सोमवार. सुमारे २४ तास.
दिवसभर नेहमीसारखे कामकाज. रिझर्व्ह बँक बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खाली निर्बंध घालते, तेही कामकाज संपल्यापासून लागू. दुपारी काउंटरवर भरलेली रोकड संध्याकाळी अडकली. या प्रकरणात मला सर्वांत जास्त हेच खुपते: वर सगळे ठाऊक होते आणि खाली पावत्यांवर शिक्के उमटत होते.

मंगळवार. सकाळ.
मोबाइलवर संदेश येतो. सहा महिन्यांत एका खात्यातून मिळणार फक्त १,००० रुपये. भांडुपच्या मुख्यालयापासून परराज्यांतल्या शाखांपर्यंत, १३७ ठिकाणी तोच नियम. व्यवस्थापकीय संचालक या नात्याने मी जबाबदारी घेतो, असेही थॉमस ग्राहकांना कळवतात. घेतो म्हणजे नेमके काय, ते कुठेच नाही.

पुढचे दिवस.
३० सप्टेंबरला आर्थिक गुन्हे शाखा गुन्हा नोंदवते. ३ ऑक्टोबरला एचडीआयएलचे राकेश आणि सारंग वाधवान, ४ तारखेला थॉमस, ५ ला बँकेचे माजी अध्यक्ष वरयाम सिंग अटकेत. हे सिंग पूर्वी एचडीआयएलच्याही संचालक मंडळावर होते! पुढे लेखापरीक्षकांनाही अटक झाली. ठेवीदाराचे खाते गोठवायला एक आदेश पुरला. आरोपींची मालमत्ता विकून पैसा आणायचा तर गुन्हा, जप्ती, न्यायालय असा लांबचा रस्ता.

जानेवारी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवी आधी, पुढची रक्कम टप्प्याटप्प्याने. मोठ्या ठेवीदारांची उरलेली रक्कम दहा वर्षांनंतर.